सहलीचा चालक रात्री कुठे झोपतो?

हिवाळा आला की मुलांच्या माध्यमिक शाळांच्या फलकावर दोन कागद शेजारी शेजारी दिसतात. एकावर शिष्यवृत्तीत आलेले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळवलेले, तालुका विज्ञान प्रदर्शनात चमकलेले विद्यार्थी असतात. दुसऱ्यावर सहलीचा मार्ग असतो, चार दिवस आणि अकरा स्थळं. मग राज्यात कुठेतरी सहलीच्या बसला अपघात होतो किंवा कुठल्या तरी किनाऱ्यावर मुलं बुडतात आणि पालकांच्या गटांवर ठरलेली जुगलबंदी सुरू होते. एक बाजू म्हणते, सहली कायमच्या बंद करा. दुसरी म्हणते, आम्ही तर ट्रकच्या हौद्यातून जायचो, आम्हाला काय झालं? दोन्ही बाजू एकमेकींना आठवडाभर पुरतात. सहल कशासाठी काढायची, हा प्रश्न मात्र त्या आठवड्यात एकदाही कोणी विचारत नाही.

सहली बंद होऊ नयेत. पण आज बहुतेक शाळांच्या निघतात तशाही त्या निघू नयेत. सुरक्षितता आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक वाढवली की दुसरी कमी होते, असं गृहीत धरून हा वाद चालतो आणि तिथेच तो चुकतो. सहल धोक्याची कुठे होते ते नीट पाहिलं, तर ती बहुतेक वेळा जिथे निरर्थक झालेली असते तिथेच धोक्याची झालेली दिसते.

आधी विरोधकांचं म्हणणं पुरतं ऐकू, कारण ते हलकं नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. त्यात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेहून जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. यातल्या एखाद्या आईसमोर उभं राहून 'सहलीने व्यक्तिमत्त्व घडतं' हे वाक्य कोण म्हणू शकेल? देशाटनाची ती आर्या छापलेलं परिपत्रक त्या घरात कोणत्या तोंडाने न्यायचं? कुठलाही धडा एका मुलाच्या जिवाइतका महाग नसतो. हे मान्य करूनच पुढे बोलता येतं.

पण या तिन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे. मुलं ज्या पाण्यात गेली, ते पाणी सहलीचा अभ्यासविषय नव्हतं. ते मधला विरंगुळा होतं. 'जरा पाय ओले करू', 'एक फोटो काढू', 'नावेत एक चक्कर मारू' असलं. ज्या गोष्टीचा कोणी अभ्यास केलेला नाही, जिची आधी पाहणी नाही, जिच्यासाठी मुलांना काही सांगितलेलं नाही, ती गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत 'मोकळा वेळ' या नावाने येते. किल्ल्यावर इतिहासाच्या शिक्षकांचं लक्ष असतं, कारण तिथे त्यांना काही दाखवायचं असतं. समुद्रावर दाखवायचं काहीच नसल्याने शिक्षक शहाळंवाल्यापाशी बसतात. धोका तिथे असतो आणि लक्ष इथे.

मुरूडनंतर शिक्षण खात्याने काय केलं? अटींची लांबलचक यादी काढली. समुद्रकिनारे, नद्या, विहिरी, उंच टेकड्या टाळा, हमीपत्रं घ्या, अमुक दाखला जोडा. यादीतल्या बऱ्याच गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर योग्यच होत्या. पण परिणाम काय झाला? काही शाळांनी सहल थांबवली आणि बाकीच्यांनी ती वॉटर पार्कला नेली. तिथे तिकीट असतं, पावती मिळते आणि जबाबदारी पार्कवाल्याची, अशी समजूत असते. म्हणजे समुद्र टाळून मुलांना नेलं पुन्हा पाण्यातच. फक्त भरती-ओहोटी, वाळू, होड्या, जाळी हे शिकण्याजोगं सगळं त्यातून वगळलं.

अशाच प्रसंगातून जपान गेला तेव्हा त्याने काय केलं, ते बघण्यासारखं आहे. ११ मे १९५५ रोजी तिथल्या अंतर्देशीय समुद्रात शिउन मारू नावाची फेरीबोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ जण गेले आणि त्यांत बहुसंख्य सहलीला निघालेली शाळकरी मुलं-मुली होती. जपानात शालेय सहलीची प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. ती बंद करा, असं म्हणायला यापेक्षा मोठं कारण कुठलं हवं होतं? त्यांनी ती बंद केली नाही. या दुर्घटनेनंतर शाळाशाळांत पोहण्याचे तलाव बांधण्याला आणि पोहणं शिकवण्याला जोर आला. त्या खाडीवर पूल हवा ही मागणीही तिथूनच पेटली आणि तो सेतो पूल १९८८ मध्ये खुला झाला. ब्रिटनमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे शाळेच्या सहलीवर छोट्या होड्या वल्हवताना चार किशोरवयीन मुलं गेली. साहस केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी तिथल्या हलगर्जीबद्दल लेखी इशारा दिलेला होता, हे चौकशीत पुढे आलं. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संसदेने केला. दोन्हीकडे उत्तर 'जाऊ नका' हे नव्हतं. एकाने मुलाला पोहायला शिकवलं, दुसऱ्याने होडीच्या मालकाला जबाबदार धरलं. आपण काय केलं? मुख्याध्यापकांकडून हमीपत्र लिहून घेतलं.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या राज्यात नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा विषय आहे. पाण्याचा ताळेबंद, भूजल, पाणलोट हे त्यात येतं आणि ते हवंच. पण नावातली सुरक्षा पाण्याची आहे, पाण्यात उतरणाऱ्या मुलाची नाही. दहावी पास झालेल्या मुलाला आपल्या गावचा पर्जन्यमापक वाचता येतो. मित्र बुडत असताना त्याच्यामागे उडी मारायची नसते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एक बुडाला आणि त्याला वाचवायला गेलेले दोघेही गेले, या बातम्या दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या विहिरीवरून, शेततळ्यावरून येतातच.

'आम्ही जपान नाही, आमच्या शाळेला खेळायला मैदान नाही तिथे तलाव कुठून आणू?' हा आक्षेप खरा आहे. तलाव नकोच. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, त्याचं झाकण घट्ट लावलेलं, कडीला पंधरा मीटर दोर बांधलेला. कॅनमध्ये तळाला पेलाभर पाणी ठेवायचं, नाहीतर तो हलका होतो आणि फेकल्यावर वाऱ्याने भरकटतो. मैदानावर फक्कीने गोल आखून प्रत्येक मुलाने दहा मीटरवरून तो पाच वेळा फेकायचा. बुडणाऱ्याच्या थोडा पलीकडे टाकून अलीकडे ओढायचा, थेट अंगावर नाही. पहिल्या तासाला निम्मे कॅन बाजूला पडतात, कारण मुलं तो क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्यावरून मारतात. हात खाली ठेवून झोका दिला की नेम बसतो. खर्च दोराचा. आणि सोबत एक गोष्ट सांगायची: बुडणारा सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. त्याला श्वास घेता येत नसतो, तो ओरडणार कसा? तो शांतपणे, तोंड पाण्याच्या रेषेवर ठेवून, उभ्याचा उभा खाली जातो. म्हणून 'कोणी ओरडलं की जाऊ' असं म्हणत किनाऱ्यावर बसणं म्हणजे पहारा नव्हे.

समुद्र अभ्यासाचा विषय केला तर काय होतं, त्याचं एकच उदाहरण. कोकणात भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं. मग आठवीच्या वर्गाला गणित घाला: सहल पौर्णिमेला आहे, बस अकराला पोचणार, तर किल्ल्यात चालत जाता येईल का? पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे बस नेमकी भर भरतीत पोचते आणि वाट संध्याकाळी उघडते, अंधाराच्या तोंडावर. तारीख बदला. अष्टमी घेतली तर ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांगाचे दिवस, पाणी फार उतरत नाही, वाटेत ते उरूच शकतं. ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक असते, म्हणून बंदराचं भरतीचं कोष्टक आणि स्थानिक कोळ्याचा शब्द या दोन्हींशी ते ताडून घ्यायचं. हे गणित ज्या मुलांनी वर्गात सोडवलंय, ती 'अजून दहा मिनिटं थांबू या ना सर' म्हणतील का? म्हणतीलही, मुलंच ती. पण त्यांच्यातलाच एखादा घड्याळ दाखवेल.

आता मुलांच्या शाळांपुरता खास आक्षेप. पंधरा वर्षांचे चाळीस मुलगे एकत्र आले की त्यांच्यात पैज लागते. कड्याच्या टोकावर कोण उभा राहतो, लाटेत कोण पुढे जातो. एकटा असताना जो मुलगा विहिरीत डोकावणार नाही, तो मित्रांसमोर कठड्यावर चढतो. सहशिक्षणाच्या शाळेतही हे होतं, पण निव्वळ मुलांच्या घोळक्यात ते अधिक होतं, असं अनुभवी शिक्षक सांगतात आणि ते खोटं वाटत नाही. यावर 'शिस्त कडक करा' हे उत्तर नेहमीचं. शिस्त म्हणजे काय, तर एक शिटी आणि चार शिक्षक. चाळीस हलत्या डोक्यांची मोजणी चार शिक्षकांकडून होत नाही. एक दोनदा मोजला जातो, एक सुटतो, बेरीज बरोबर येते.

याचं उत्तर आपल्याकडे शेकडो वर्षं पायी चालत आलेलं आहे. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसं चालतात ती गर्दी म्हणून चालत नाहीत, दिंड्यांनी चालतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं, प्रत्येकीला वीणेकरी. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की एवढा जनसमुदाय शांत होतो आणि हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. माणूस दिंडीला बांधलेला आणि दिंडी पालखीला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं जे पहिलं शिबिर घेतलं, त्यातही मुलं चार टोळ्यांत वाटलेली होती आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलगाच होता. श्रीमंतांच्या शाळेतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं मुद्दाम एकत्र घातलेली. पुढे स्काउटिंगने जगभर नेलं ते हेच टोळीचं तंत्र. आपल्या कितीतरी शाळांत स्काउटचं पथक आहे, पण ते २६ जानेवारीच्या संचलनापुरतं. सहलीला निघताना त्याची आठवण होत नाही.

व्यवहारात ते असं बसतं. चाळीस मुलांच्या आठ-आठच्या पाच टोळ्या. टोळ्या मित्रमंडळींच्या नकोत, घराच्या पत्त्यावरूनही नकोत, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक टोळीत चार जोड्या. उतरताना, चढताना, जागा सोडताना जोडीदाराने जोडीदाराचा हात वर करायचा, नायकाने चार हात मोजायचे, शिक्षकांनी पाच नायक. शिवाय बसमध्ये क्रमाने आकडे पुकारायचे. नुसत्या डोकेमोजणीत 'एक कमी आहे' एवढंच कळतं आणि मग अर्धा तास कोण ते शोधण्यात जातो. पुकाऱ्यात तेवीसनंतर शांतता पडली की चोविसावा नाही, हे त्याच क्षणी कळतं. हा पुकारा फसतो तो एकाच कारणाने: मागच्या बाकावरचा दोस्त दुसऱ्याच्या नावावर ओरडतो. वर्गातल्या हजेरीची सवय! म्हणून जोडीदाराचा हात. आणि पैजेचं काय? नायकपद बहुधा हुशार, शांत मुलाला दिलं जातं, तिथेच गडबड होते. जो कठड्यावर चढणार आहे त्याच्याकडे टोळी द्या. सात जणांची मोजणी गळ्यात पडलेला मुलगा स्वतः टोकावर जाऊन उभा राहायला सहसा धजत नाही.

सगळ्यात जास्त राग यावा अशी गोष्ट म्हणजे अकरा स्थळांचा मार्ग. रात्री अकराला प्रस्थान, पहाटे देवदर्शन, सकाळी किल्ला, दुपारी लेणी, संध्याकाळी बाग, रात्री दोनशे किलोमीटर पुढे. यात मुलं बघतात काय? सीटवर झोपलेला मित्र बघतात. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत, दहा फलकासमोर फोटो काढण्यात. रात्रीचा प्रवास नको असं नियम सांगतो आणि मार्गाचा कागद तो नियम मोडल्याशिवाय पुराच होत नाही. आणि चालक? मुक्कामाच्या ठिकाणी मुलांना सभागृह, शिक्षकांना खोली, स्वयंपाक्याला ओटा. चालक बसमध्येच सीटवर आडवा होतो, डास मारत, आणि पहाटे चारला त्याला उठवलं जातं. घाटात तो डुलकी घेतो तेव्हा आपण त्याला बेजबाबदार ठरवतो. सहलीच्या अंदाजपत्रकात हाराचा, नारळाचा, सन्मानचिन्हाचा खर्च असतो. चालकाच्या खाटेचा किती शाळांत असतो?

एसटी शैक्षणिक सहलीला निम्म्या दरात गाडी देते. आगारात आधी अर्ज टाकावा लागतो, हंगामात गाड्या अपुऱ्या पडतात, गाडी जुनी मिळते, हे सगळं खरं. खासगी गाडी चकचकीत असते, तिच्यात पडद्यावर सिनेमा असतो, म्हणून मुलांचा आणि खरं तर शिक्षकांचाही ओढा तिकडे. गाडी कोणतीही असो, निघण्याआधी मागचा संकटकालीन दरवाजा एकदा उघडून बघावा. बहुतेक सहलींत त्याच्यासमोर पातेली आणि पिशव्या रचलेल्या असतात.

चार दिवसांची एक सहल मोडून एकेका दिवसाच्या चार केल्या तर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. जागा तिथेच आहे. जुन्नर-नारायणगावच्या आसपासच्या शाळेने एक दिवस नुसता नाणेघाटाला द्यावा. सोबत शिवनेरी नको, लेण्याद्री नको, ओझरचा गणपतीही नको, तो रागावणार नाही. कोकणातून देशावर चढणारा हा सातवाहनकालीन व्यापारी घाट. वर गुहेत राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञ आणि दक्षिणा नोंदवलेल्या: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, आकड्यांसह. ते आकडे मुलांना दाखवायचे. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही, शंभराची खूण वेगळी आणि हजाराची वेगळी. अशा आकड्यांत सतरा गुणिले तेवीस करून बघा म्हणावं. दहा मिनिटांत मुलं शून्याला दंडवत घालतील. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. दोरीने त्याचा घेर मोजायचा, बावीस सप्तमांशाने भागायचं, काठी आत सोडून खोली घ्यायची, जाडी वजा करायची. पाचही टोळ्यांची उत्तरं वेगळी येतात, कारण रांजण वर निमुळता आहे आणि घेर कुठे घ्यायचा हे कोणी ठरवलेलंच नसतं. ते भांडण हाच तास. मग नाणी किती मावली असतील, बैलावर किती ओझं, कल्याणच्या बंदरातून पैठणला जायला किती मुक्काम, हे प्रश्न आपोआप येतात.

आणि याच दिवशी धोके सांभाळणं सोपं जातं, कारण जागा एकच आणि ती आधी पाहिलेली. शिक्षकांपैकी दोघांनी पंधरवडाभर आधी जाऊन यायचं. कड्याची कड कुठे सुटते, सावली कुठे, टाक्यातलं पाणी कसं आहे, मोबाइलला रेंज कुठवर येते, जवळचं आरोग्य केंद्र किती मिनिटांवर, मोहोळं कुठे लटकलीत. मोहोळांचा प्रश्न गडांवर आणि लेण्यांत खरा आहे. आग्या मोहोळ धुराने, दगडाने आणि उग्र वासाने उठतं. दहावीतले मुलगे सहलीला निघताना अंगावर सुगंधाचा जो फवारा मारतात, तो त्या दिवशी घरी ठेवायला सांगावं. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, तोंड शर्टाने झाकून जागेपासून लांब पळायचं, काटा नखाने किंवा चिमटीने, जमेल तसा पण लगेच काढायचा, उशीर झाला की विष आणखी आत जातं. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे पंचेचाळीस माणसांना वीस लिटरचे सात जार. त्यातला एक संध्याकाळच्या परतीसाठी बांधूनच ठेवायचा, नाहीतर बाराच्या आत सगळं संपतं.

त्याच तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला, फेब्रुवारीच्या शेवटी, ती लोकांना बघता येते. ती दुसऱ्या दिवसाची सहल. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण त्यांच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात. शिक्षकांच्या ओरडण्यापेक्षा हे कारण मुलांना लगेच पटतं.

पैशाचा आक्षेप मला सगळ्यांत टोचतो. सहलीची वर्गणी न परवडलेला मुलगा त्या चार दिवसांत शाळेत येतो, रिकाम्या वर्गात बसतो आणि मग आठवडाभर इतरांचे किस्से ऐकतो. हे टाळता येत नसेल तर सहल काढू नये, या मताला मी निम्मा सहमत आहे. पण ज्या मार्गावर अकरा स्थळं, तीन हॉटेलं आणि एक वॉटर पार्क आहे, तोच मार्ग मुलांना बाहेर ठेवतो. एका दिवसाच्या, निम्म्या भाड्याच्या, स्वतः रांधायच्या सहलीत माणशी खर्च इतका उतरतो की राहिलेल्या चार-सहांचा भार शाळेला उचलता येतो. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, कामं करत, रांधत. तिथे स्वयंपाक ही काटकसर होती आणि समतेचा पाठही होता. आज मुलांच्या शाळेत तर त्याची दुहेरी गरज आहे. घरी ताट उचलण्याचीही सवय नसलेले चाळीस मुलगे आणि त्यांच्यासोबत दोन आचारी, हे दृश्य कोणाला खटकत कसं नाही?

पंचेचाळीस माणसांच्या खिचडीला पाच किलो तांदूळ, अडीच किलो मूगडाळ, पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, मीठ पाव किलोपेक्षा जरा कमी. सगळं एका पातेल्यात घातलं की बुडाला लागतं आणि वर कच्चं राहतं, कारण तळाची आच वर पोचायच्या आत खालचा भात करपतो. दोन पातेली घ्यावीत, पाणी वेगळं उकळून घालावं, दाणा फुटू लागला की खालचं सरपण ओढून झाकणावर निखारे ठेवावेत. भाकरीच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नये. शंभर भाकऱ्या थापायच्या म्हणजे दुपारचे चार वाजतात. करपलेलं पातेलं कोणी घासायचं, हे चिठ्ठी टाकून आधीच ठरवलेलं बरं. राखेने, वाळूने, दोघांनी मिळून.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. काही झालं की निलंबन त्यांचं, काही न झालं की कौतुक संस्थेचं. मग त्यांनी पुढाकार का घ्यावा? हा सर्वांत न्याय्य आक्षेप आहे आणि त्याचं उत्तर शिक्षकांनी द्यायचं नसून संस्थाचालकांनी आणि खात्याने द्यायचं आहे. पाहणीच्या दिवसाला कर्तव्यरजा आणि प्रवासभत्ता. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, त्यात पालकही चालतील. आणि लेखी योजना: कुठे, कशासाठी, काय टाळायचं, काय झालं तर कोण काय करेल. ती वाचून मुख्याध्यापक आणि संस्थाचालक सही करतात, म्हणजे जबाबदारी वर चढते. लाइम बेच्या खटल्यात तुरुंगात गेला तो केंद्राचा संचालक. आपल्याकडच्या हमीपत्रातून जबाबदारी नेहमी खाली घरंगळते आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर जो उभा असतो, त्याच्या डोक्यावर बसते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं कागदावर छान, चार वर्षांत याचाही उपचार होईल. भीती रास्त आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली गेली तेव्हा हाताचं काम हाच शिक्षणाचा गाभा धरला होता. सूत मोजण्यातून गणित, कापसातून भूगोल. पुढे राज्याराज्यांत तिची टकळी झाली आणि टकळीचा तास झाला. कार्यानुभवाच्या नावाखाली कागदी फुलं आणि तीच फुलं दरवर्षी. का असं झालं? कारण तपासणीस यायचा आणि टकळ्या मोजायचा, सुताचं गणित मोजायचा नाही. सहलीचंही तेच. वार्षिक अहवालात लिहिलं जातं: 'एकूण अकरा स्थळांना भेट, १२० विद्यार्थी सहभागी.' यशाच्या यादीतही फ्लेक्सवर मावतील तेच चेहरे. त्याऐवजी अहवालात पाच टोळ्यांनी काढलेल्या रांजणाच्या मापाची पाच उत्तरं छापा, चुकीच्यांसकट. दहा मीटरवरून कॅन अचूक फेकता येणाऱ्यांची संख्या छापा. खिचडी कोणाची करपली तेही छापा, मुलं अहवाल वाचतील तरी.

सहलीच्या पालकसभेत दरवर्षी प्रश्न येतात ते ठरलेले: वर्गणी किती, परत किती वाजता, मोबाइल द्यायचा का. यंदा एखाद्या पालकाने उठून विचारावं, ही जागा तुमच्यापैकी कोणी आधी पाहून आलंय का? माझ्या मुलाच्या टोळीचा नायक कोण? लाइफ जॅकेट माणशी एक असल्याची खात्री नावेत पाय टाकण्याआधी कोण करणार, आणि नावाडी नाही म्हणाला तर सहल नावेशिवाय परत येईल का? आणि मुक्कामी सहल असेल तर, चालक रात्री कुठे झोपणार?